हाती धरण्याचा लेसर आणि डोळ्यांचे रक्षण

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात मारेगाव येथे केलेले भाषण)



या वर्षीच्या मेळाव्यात आम्ही चार शब्द सांगावेत अशी मंडळाने आज्ञा केली, तिचा आम्ही आदरपूर्वक स्वीकार करतो. अशा प्रसंगी शिक्षणाचे महत्त्व, लग्नकार्यातील उधळपट्टी, समाजाची एकजूट या विषयांवर बोलण्याची वहिवाट आहे. ते विषय मोलाचे आहेत आणि आमच्याहून अधिकारी वक्ते त्यांवर बोलतीलच. आम्ही मात्र आज एक निराळा विषय घेऊन उभे आहोत. आपल्या लोहार समाजाच्या कित्येक घरांतून भाता गेला आणि त्याच्या जागी विजेचे यंत्र आले. आता त्या यंत्रांतही एक नवे यंत्र येत आहे, ते म्हणजे हातात धरून चालविण्याचा लेसर. हे यंत्र वापरताना डोळ्यांवर कोणता चष्मा असावा, तो कसा पारखून घ्यावा, एवढाच आजचा आमचा विषय आहे. विषय लहान दिसतो. परंतु ज्या घरातील कर्त्या मुलाची दृष्टी जाईल त्या घरास तो लहान राहणार नाही.

आपल्या वाडवडिलांची विद्या प्रामुख्याने डोळ्यांची विद्या होती. भट्टीतील लोखंड केव्हा काढावे हे त्यांस कोणत्याही मापकाने सांगितले नाही. लोखंड काळसर लाल झाले, मग तांबडे, मग नारिंगी, मग पिवळे, आणि जोड मारण्याजोगे पांढरे झाले, हे ते रंगावरून ओळखीत. विळ्याला किंवा कुऱ्हाडीला पाणी देताना पात्यावर चढणारी पिवळसर छटा, मग जांभळी, मग निळी, हे सारे डोळ्यांनीच वाचायचे. बंडीच्या चाकावर धाव चढविताना ती किती तापली हे नजरेने ठरायचे. अग्नी आपल्याला दिसत असे, म्हणून त्याच्यापासून दूर कसे राहावे हेही आपल्याला कळत असे. तो तापला की प्रकाशत असे. जितका दाहक तितका तेजस्वी असे.

तरीही त्या अग्नीने आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांचे काही घेतले नाही असे नाही. काचेच्या भट्टीवर आणि तापल्या धातूपुढे वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कारागिरांस मोतीबिंदू होतो, ही गोष्ट युरोपातील वैद्यांच्या फार पूर्वीच ध्यानात आली होती. भट्टीतून दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर न दिसणारे उष्ण किरणही बाहेर पडतात. त्यांस शास्त्रात अवरक्त किरण म्हणतात. डोळ्याचे भिंग गढूळ करण्याचे काम तेच करतात. हे किरण आपण येथे लक्षात ठेवू, कारण पुढे त्यांच्याशीच आपली गाठ पडावयाची आहे.

त्यानंतर आर्क वेल्डिंग आले. त्याचा अनुभव येथे बसलेल्या बहुतेकांस आहे. काच न लावता ठिणगीकडे पाहिले की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते, पाणी वाहते, झोप येत नाही. मग कोणी बटाट्याची चकती ठेवतो, कोणी दुधाची पट्टी ठेवतो, आणि एकदोन दिवसांनी डोळा निवतो. तेथे इजा डोळ्याच्या वरच्या पारदर्शक पापुद्र्याला झालेली असते. तो पापुद्रा पुन्हा भरून येतो, म्हणून डोळा बरा होतो. त्याचे श्रेय बटाट्याला नाही. या अनुभवामुळे आपल्या तरुणांच्या मनात एक समज घट्ट बसला आहे की, डोळ्याला इजा झाली तर दुखेल, आणि दुखले तरी चार दिवसांत बरे होईल. लेसरच्या बाबतीत या समजाचे दोन्ही भाग खोटे ठरतात.

लेसर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये त्यामागील तत्त्व मांडले. अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर प्रकाशित करून दाखविला. आपल्या देशातही फार उशीर झाला नाही. मुंबईजवळ तुर्भे येथील अणुशक्ती केंद्रात १९६४ मध्ये अर्धवाहक पदार्थाचा लेसर तयार झाला. दिव्याचा प्रकाश चोहीकडे पसरतो, त्यात अनेक रंग मिसळलेले असतात. लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा असतो आणि तो पसरण्याऐवजी एका सरळ, बारीक झोतात जातो. शाळेत आम्ही मुलांस बहिर्गोल भिंग देऊन उन्हात कागद जाळून दाखवीत असू. डोळ्याच्या आतही तसेच भिंग आहे, आणि त्याच्यामागे कागदाच्या जागी दृष्टिपटल आहे. लेसरचा झोत डोळ्यात शिरला की हे भिंग त्याला दृष्टिपटलावर एका सूक्ष्म बिंदूत गोळा करते. त्यामुळे बुबुळावर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता आत सुमारे एक लाख पट होऊ शकते. तेथे दुखण्याची जाणीव देणाऱ्या नसा नाहीत. म्हणून भाजते, पण कळत नाही. ज्या मधल्या बिंदूने आपण अक्षर वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो, त्या बिंदूवर डाग पडला तर तो पुन्हा भरून येईल अशी खात्री कोणताही वैद्य देत नाही.

आज लेसर आपल्या घरांत आणि दुकानांत किती रूपांनी आला आहे ते पाहा. जत्रेत मिळणारी ठिपका पाडणारी बॅटरी हा लेसरच. गवंडी भिंतीची पातळी पाहण्यास जे लाल वा हिरवी रेघ पाडणारे यंत्र लावतात तेही लेसरचेच. आपले सोनार बंधू जे दागिने विकतात त्यांवर सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी खूण असते. १ एप्रिल २०२३ पासून त्या खुणेवाचून हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि ती खूण लेसरने कोरली जाते. स्टीलच्या भांड्यांवर नावे घालण्याच्या दुकानांतही आता ठोकणीच्या जागी लेसर आला आहे. आणि सर्वांत प्रबळ म्हणजे हातात धरण्याचे लेसर वेल्डिंग आणि गंज काढण्याचे यंत्र. पातळ स्टीलचा जोड ते इतक्या झपाट्याने आणि स्वच्छ मारते की पाहणारा थक्क होतो. त्याचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. आपल्या मुलांनी ते शिकावे, त्यावर चार पैसे मिळवावेत, अशीच आमची इच्छा आहे.

लेसरच्या यंत्रांचे आंतरराष्ट्रीय मानकानुसार वर्ग पाडलेले आहेत, आणि वर्गाचा आकडा यंत्रावर छापलेला असावा लागतो. दुसऱ्या वर्गातील दिसणारा लेसर एक मिलिवॅटपर्यंतचा असतो. डोळा दिपून पापणी पाव सेकंदात मिटते, तेवढ्यात इजा होत नाही, असा त्यामागील हिशेब आहे. तिसऱ्या वर्गाचे दोन पोटभेद मुख्य आहेत. पहिला ‘३ आर’, तो पाच मिलिवॅटपर्यंत. दुसरा ‘३ बी’, तो पाचशे मिलिवॅटपर्यंत. ‘३ बी’चा थेट झोत धोक्याचा असतो. त्यापुढील सर्व यंत्रे चौथ्या वर्गात मोडतात. त्यांचा थेट झोत तर घातक असतोच, पण भिंतीवर वा पत्र्यावर आपटून परतलेला प्रकाशही डोळा भाजू शकतो. हातात धरण्याचे वेल्डिंग यंत्र हजार, दीड हजार, दोन हजार वॅटचे असते. म्हणजे चौथा वर्ग जेथून सुरू होतो त्याच्या हजारो पट.

आता चष्म्याकडे येऊ. वणी रस्त्यावरील एका दुकानात आम्ही एका तरुणास हे यंत्र चालविताना पाहिले. डोळ्यांवर उन्हाचा काळा चष्मा होता. आम्ही विचारले असता तो म्हणाला, “गुरुजी, भल्ला काया चष्मा हाय, याच्यातून सूर्य बी दिसत नाही.” मुलगा हुशार आहे, कामसू आहे. त्याचा तर्कही आपल्या पिढीजात अनुभवाला धरूनच आहे: अग्नी जितका तेजस्वी तितकी काच काळी हवी. परंतु येथेच सर्व घोटाळा आहे. या वेल्डिंग यंत्राचा झोत मुळी दिसतच नाही. तो अवरक्त आहे. नळीच्या तोंडाशी जो लाल ठिपका दिसतो तो केवळ नेम धरण्यासाठी दिलेला दुर्बळ लेसर आहे. काम करणारा झोत त्याच्या सोबत न दिसता चालतो. काळा चष्मा दिसणारा प्रकाश अडवितो. अवरक्त किरण तो अडवीलच असे नाही. उलट काळोखामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि त्या न दिसणाऱ्या किरणांस दार अधिक उघडे मिळते.

१६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाची आठवण येथील वडीलधाऱ्यांस असेल. आपल्याकडे ते खंडग्रास दिसले. भीतीने रस्ते ओस पडले होते, आणि ज्यांनी पाहिले त्यांपैकी कित्येकांनी काजळी धरलेल्या काचेतून अथवा एक्स-रेच्या फिल्ममधून पाहिले. शास्त्रज्ञ त्या साधनांविरुद्ध सावध करीत आले आहेत, ते याच कारणाने. काचेतून सूर्य मंद दिसला म्हणजे त्याचे सर्व किरण अडले असे होत नाही. डोळ्याला जे सुखाचे वाटते ते सुरक्षित असेलच असे नाही. लेसरच्या चष्म्याबाबत हे सूत्र दुप्पट खरे आहे.

वेल्डिंगची हिरवी काच तरी चालेल काय, असा प्रश्न आम्हांस विचारण्यात आला. चालणार नाही. ती काच आर्कच्या पसरट प्रकाशासाठी केलेली असते. लेसरचा एकवटलेला झोत एकाच बिंदूवर पडल्यास ती टिकेल की तडकेल याची परीक्षा झालेली नसते. लेसर वेल्डिंगच्या वेळी जोडापाशी झगझगीत उजेड पडतो, त्यासाठी तोंडावर हेल्मेट हवेच. पण त्याच्या आत डोळ्यांवर लेसरचा चष्मा हवा, किंवा हेल्मेटची काचच लेसरसाठी प्रमाणित असलेली हवी.

मग योग्य चष्मा ओळखावा कसा? रंगावरून नाही, किमतीवरून नाही, दुकानदाराच्या शब्दावरून तर मुळीच नाही. तो आकड्यांवरून ओळखावा. दोन आकडे आणि एक खूण, इतके ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

पहिला आकडा तरंगलांबीचा. प्रत्येक रंगाच्या प्रकाशाची लाट ठराविक लांबीची असते आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. जांभळा लेसर सुमारे ४०५, निळा ४५०, हिरवा बहुधा ५३२, लाल ६३५ ते ६६० नॅनोमीटरचा असतो. भांड्यांवर नावे घालणारे धातूचे लेसर १०६४ च्या आसपासचे, आणि हातात धरण्याचे वेल्डिंग यंत्र बहुधा १०७० ते १०८० चे असते. लाकूड व ॲक्रिलिक कापणारा कार्बन डायऑक्साइडचा लेसर १०,६०० चा. ४०० पासून १४०० पर्यंतचा प्रकाश डोळ्याच्या आत दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. त्यापुढचा वरच्या पापुद्र्यातच शोषला जाऊन तेथे भाजतो. प्रत्येक लेसर-चष्मा ठराविक तरंगलांबीपुरताच काम करतो. कुलपाला ज्याची त्याचीच किल्ली लागावी, तसा हा प्रकार आहे. निळ्या वा हिरव्या लेसरसाठी केलेला नारिंगी चष्मा लाल लेसरपुढे निरुपयोगी आहे. लाल लेसरचा निळसर-हिरवा चष्मा निळ्यापुढे फुकट आहे. आणि १०७० नॅनोमीटरचा चांगला चष्मा कित्येकदा फिकट हिरवा, जवळजवळ स्वच्छ दिसतो, कारण त्याला दिसणारा प्रकाश अडविण्याचे कारणच नसते. आपल्या तरुणांस हे पटणे जड जाते; पण उन्हाच्या काळ्या चष्म्यापेक्षा हाच फिकट चष्मा त्यांचा डोळा राखील.

म्हणून यंत्र घेताना प्रथम त्याच्या पट्टीवरील तरंगलांबी वहीत उतरून घ्यावी, आणि चष्म्यावर छापलेली कक्षा तिच्याशी ताडून पाहावी. चष्म्यावर केवळ ‘१०६४’ लिहिले असेल आणि यंत्र १०८० चे असेल, तर तो चष्मा आपला नव्हे. ‘सर्व लेसरसाठी उपयुक्त’ असे म्हणून जो विकतो त्याच्याकडून काहीच घेऊ नये. सर्व रंग सारखेच अडविणाऱ्या चष्म्यातून मनुष्याला हातातले कामही दिसणार नाही.

दुसरा आकडा अडविण्याच्या शक्तीचा. तो ‘ओडी’ या दोन इंग्रजी अक्षरांनी लिहितात. त्याचे गणित चौथीच्या मुलास समजेल असे आहे. ओडी १ म्हणजे दहा भागांपैकी एक भाग आत येतो. ओडी २ म्हणजे शंभरातील एक, ओडी ३ म्हणजे हजारातील एक. एकावर जितकी शून्ये, तितका ओडी. आता हिशेब करू. भांड्यावर वा लाकडावर नक्षी काढणारा निळा लेसर पाच वॅटचा, म्हणजे पाच हजार मिलिवॅटचा आहे. ओडी ३ च्या चष्म्यातून त्यातील पाच मिलिवॅट आत येईल. ते जास्त झाले. ओडी ४ मधून अर्धा मिलिवॅट येईल. म्हणून तेथे चारच्या खाली उतरू नये. पाच असल्यास उत्तम. दीड हजार वॅटचे वेल्डिंग यंत्र म्हणजे पंधरा लाख मिलिवॅट. ओडी ६ मधूनही दीड मिलिवॅट आत येतो. हा झोत न दिसणारा असल्याने पापणी मिटून डोळा स्वतःचे रक्षण करील, हा आधारही तेथे नाही. म्हणून अशा यंत्रासाठी सातहून कमी ओडीचा चष्मा घेऊ नये. आमचा हा हिशेब अंदाज येण्यापुरता आहे. यंत्राच्या पुस्तिकेत याहून मोठा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा.

आणि खूण ती मानकाची. युरोपात ‘ईएन २०७’ हे या चष्म्यांचे मानक आहे. त्याच्या परीक्षेत चष्मा प्रकाश किती अडवितो एवढेच पाहत नाहीत, थेट झोत काही सेकंद सोसून तो टिकतो की नाही हेही पाहतात. अशा चष्म्यावर तरंगलांबीची कक्षा, मग एखाददोन अक्षरे, मग ‘एलबी’ आणि त्यापुढे आकडा असतो. ‘डी’ हे अक्षर अखंड चालणाऱ्या लेसरसाठी. ‘आय’ आणि ‘आर’ ही अक्षरे ठोके देत चालणाऱ्या लेसरसाठी. नावे कोरणारे यंत्र बहुधा ठोक्यांचे असते, म्हणून त्याच्या चष्म्यावर तशी अक्षरे आहेत की नाहीत हे पाहावे. ही सर्व छपाई चष्म्याच्या काचेवर वा चौकटीवर असावी. डबीवर अथवा जाहिरातीत असून भागत नाही. यंत्राबरोबर फुकट मिळालेल्या चष्म्यावर काहीच छापलेले नसेल तर तो चष्मा नव्हे, खेळणे समजावे.

गवंडीकाम करणाऱ्या बंधूंस एक गोष्ट आवर्जून सांगावयाची. पातळी पाहण्याच्या यंत्राबरोबर जो लाल काचांचा चष्मा मिळतो, तो उन्हात लाल रेघ ठळक दिसावी यासाठी असतो. तो डोळ्याचे रक्षण करीत नाही. तो लावून कोणी वेल्डिंगच्या लेसरजवळ उभा राहील तर उघड्या डोळ्यांनी उभा राहिल्यासारखेच होईल.

चष्मा डोळ्यांस घट्ट बसावा, बाजूंनी झाकणारा असावा. ज्यांस नंबरचा चष्मा आहे त्यांनी त्यावरून घालता येईल असा मोठा घ्यावा. काच ओरखडली, तडकली वा तिचा रंग उडाला तर ती बदलावी. आणि चष्मा लावला म्हणून झोताकडे निरखून पाहू नये; छत्री डोक्यावर असली म्हणजे कोणी धबधब्याखाली उभे राहत नाही.

चष्मा हे शेवटचे कवच आहे, पहिले नव्हे. काम आडोशात, लेसर अडविणाऱ्या पडद्यांच्या आत करावे. दार बंद ठेवावे. स्टील, पितळ, तांबे, ॲल्युमिनियम हे सर्व झोत परतवितात, म्हणून झोताच्या वाटेत चकचकीत भांडी व पत्रे ठेवू नयेत. वेल्डिंग यंत्राला एक चिमटा दिलेला असतो. तो कामाच्या तुकड्यास लावून नळीचे तोंड तुकड्यास टेकल्यावरच झोत सुटतो. काम भराभर व्हावे म्हणून कित्येक जण ती तार जोडून टाकतात आणि हे कुलूप कायमचे उघडे ठेवतात. असे कधीही करू नये. गंज काढण्याच्या यंत्रात तर झोत मोकळ्या हवेतून जातो, तेथे दुप्पट सावध असावे. काम करणाऱ्याइतकाच तुकडा धरणारा मदतनीसही धोक्यात असतो. म्हणून चष्मे दोन घ्यावेत, तीन घ्यावेत. भाकर घेऊन येणारी माउली, शाळेतून परतलेली मुले, विळा घ्यायला आलेला शेतकरी, यांस दारातच थांबवावे. भट्टीच्या काळी मुले भात्याजवळ बसून धंदा शिकत. या यंत्राजवळ त्यांस तसे बसविता येणार नाही.

आता धंद्याबाहेरील दोन गोष्टी. मुलांच्या हातातील ठिपक्याची बॅटरी निरुपद्रवी आहे असा समज आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१३ मध्ये अशा १२२ बॅटऱ्या तपासल्या, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालांपैकी सुमारे ४४ टक्के तेथील सुरक्षानियमांत बसल्या नाहीत. त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक स्वस्त हिरवी बॅटरी अशी दाखवून दिली की तिच्यातून हिरव्यापेक्षा अदृश्य अवरक्त प्रकाशच कितीतरी अधिक बाहेर पडत होता. आत बसवावयाची एक लहान गाळणी कारखानदाराने बसविली नव्हती, एवढेच कारण. म्हणजे वर छापलेला आकडाही अशा मालात विश्वासाचा नसतो. मुलासाठी चष्मा शोधण्यापेक्षा ती बॅटरी विकत न घेणे हाच शहाणपणा.

दुसरी गोष्ट मिरवणुकांची. २०२३ च्या गणेशविसर्जनानंतर नाशिक येथील नेत्रवैद्यांकडे दृष्टिपटल भाजलेले तरुण आले. २०२४ मध्ये कोल्हापूरजवळ उचगाव येथील गणेशाच्या मिरवणुकीत लेसरच्या झोताने डोळ्यास इजा झाल्याच्या वार्ता आपण वाचल्या. त्या वर्षी पुणे, कोल्हापूर येथे प्रशासनाने मिरवणुकीतील लेसर झोतांवर बंदीचे आदेश काढले. तेथे कोणता चष्मा लावावा, असे विचाराल तर उत्तर नाही. झोत कधी हिरवा, कधी निळा, कधी लाल. एका चष्म्याने ते सर्व अडणार नाहीत, आणि हजारो माणसांस कोणी चष्मे वाटणार नाही. तेथे उपाय एकच, की तो दिवा लावूच नये. आपल्या समाजाच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत लेसरचे झोत नसावेत, असा ठराव मंडळाने करावा अशी आमची नम्र सूचना आहे.

इतके करूनही शंका आली की डोळ्यात झोत गेला, तर काय करावे? काम तत्काळ थांबवावे. चौकडीच्या वहीचे पान घ्यावे, मध्ये एक ठिपका काढावा, एक डोळा झाकून दुसऱ्याने त्या ठिपक्याकडे पाहावे; मग दुसऱ्या डोळ्याने. रेघा वाकड्या दिसल्या, चौकडी तुटलेली दिसली, मध्ये डाग वा धुके दिसले, तर दृष्टिपटलाला इजा झाली असण्याचा संभव आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिल्यास चांगला डोळा वाईटाचे दोष झाकतो, म्हणून एकेक डोळाच तपासावा. पान नीट दिसले तरीही वैद्यास दाखविणे टाळू नये. दूध, मध, बटाटा काहीही घालू नये. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामच्या रुग्णालयात किंवा नागपुरास जाऊन दृष्टिपटल तपासून घ्यावे, आणि यंत्राची तरंगलांबी व वॅट लिहिलेला कागद बरोबर न्यावा. दुखत नाही म्हणून थांबू नये.

शेवटी पैशाची गोष्ट. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहारांचा समावेश आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्य आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज, अशी तीत तरतूद आहे. कोणी या मार्गाने, कोणी बँकेच्या कर्जाने, कोणी शेत गहाण टाकून यंत्र घेईल. आमचे सांगणे इतकेच की, यंत्राचे अंदाजपत्रक करताना चष्मे आणि पडदे हे त्याच कागदावर, यंत्राच्या लगतच्या ओळीत लिहावेत. मागाहून घेऊ असे ज्याने म्हटले त्याने तो घेतला नाही असे समजावे. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी मुलास नफा किती झाला हे विचारण्यापूर्वी विचारावे, “बाबू, यंत्र किती नॅनोमीटरचे? चष्म्यावर काय छापले आहे? दाखव पाहू.” इंग्रजी येत नसले तरी आकडे ताडून पाहणे आपल्या सर्वांस येते.

आपल्या वाडवडिलांनी अग्नी डोळ्यांनी ओळखला. हा नवा अग्नी डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तो आकड्यांनी ओळखावा लागेल. ही नवी विद्या आपल्या मुलांनी शिकावी, यंत्रावर प्रभुत्व मिळवावे, आणि साठीतही सुईत दोरा ओवता येईल असे डोळे राखावेत, एवढी आमची इच्छा आहे.